एक्केचाळिसाव्या दिवसाचा रकाना

"बाबा, मागच्या मोहिमेतून चौदाच्या चौदा कुत्रे परत आले, मग मामाच कसा नाही आला?"

प्रश्न भिंगरीच्या तोंडून सुटला आणि थेट बटाट्यांच्या पातेल्यात जाऊन पडला असावा, कारण आई आणि बाबा दोघंही त्या पातेल्याकडेच बघत राहिले. शनिवारची दुपार होती. मागच्या आवारात कुत्र्यांनी जेवणासाठी गिल्ला मांडला होता, तेवढाच काय तो आवाज.

"वादळ झालं होतं," आई म्हणाली. "किती वेळा सांगितलंय तुला."

"वादळ कुत्र्यांना नव्हतं का झालं?"

"भिंगरे!"

आईने नुसतं नाव घेतलं, पण त्या नावाला धार होती. बाबा उठले. "मास्तरला औषध द्यायचं राहिलं," असं पुटपुटत ते ताट अर्धं टाकून आवारात निघून गेले.

मास्तरला, म्हणजे आवारातल्या सर्वांत म्हाताऱ्या कुत्र्याला, औषध सकाळीच देऊन झालं होतं. भिंगरीनेच दिलं होतं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लागल्यासारखी ही पोर घरभर फिरते, असं आई लहानपणी म्हणायची. ते नाव चिकटलं ते पंधरावं लागलं तरी सुटेना. मधली काही वर्षं मात्र ते तिला शोभत नव्हतं. शाळेत ती जमिनीशी बोलायची, आणि उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. मग यंदा गणितात पहिली आली, पाठोपाठ वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहिली, आणि आवाज फाटला नाही, पाय कापले नाहीत, उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून कुणी नुसतं "हिंमत आहे?" म्हटलं की हिचे कान कुत्र्यासारखे टवकारायचे.

आणि मैत्रिणींनी नेमकं तेच म्हटलं होतं.

"तुमच्याकडे परत मोहीम निघतेय म्हणे," मधल्या सुट्टीत शहाणीने विषय काढला होता. शहाणी म्हणजे वर्गातली सर्वज्ञ. तिला न विचारलेलंही सगळं माहीत असायचं.

"निघतेय कसली, आमच्या पुढच्या खोलीत तिने संसार थाटलाय."

"आमचे आजोबा म्हणतात, कुत्रे परत येतात आणि माणूस येत नाही, याला काहीतरी कारण असतं."

"तुझ्या आजोबांना सकाळचा चष्मा कुठे ठेवला त्याचं कारण सापडत नाही," भिंगरी म्हणाली.

"मग तू विचार ना तुझ्या बाबांना," लांबुडकीने डबा बंद करत म्हटलं. ती भिंगरीपेक्षा वीतभर उंच होती आणि कुणालाही वरूनच बोलायची. "विचारलंस तर खिडकीजवळची माझी जागा महिनाभर तुझी. पण तू नाही विचारणार. हिंमत आहे?"

झालं. विचारलं. पैज जिंकली. आणि आता पातेल्यातले बटाटे गार होत होते.

मोहिमेने खरोखरच पुढच्या खोलीत संसार थाटला होता. कोच भिंतीला उभा करून ठेवला होता. मधोमध मोठं टेबल, त्यावर नकाशा, नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. या विटा घर बांधायच्या नव्हेत. सुकं मांस आणि चरबी कुटून, साच्यात दाबून केलेला तो कुत्र्यांचा शिधा. एक वीट बरोब्बर सातशे ग्रॅम, एका कुत्र्याचं एका दिवसाचं जेवण. त्यांचा वास पडद्यांना, पुस्तकांना, भिंगरीच्या वेणीला, सगळ्याला लागला होता. खिडकीशी आईचं शिवणयंत्र. जाड पट्ट्यांना आतून लोकर लावून ती कुत्र्यांचे साज शिवायची. छातीवर पट्टा घासला की कुत्र्याला जखम होते, आणि जखमी कुत्रा ओढत नाही. म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं घ्यायचं, चौदा कुत्र्यांचे चौदा साज.

बाबांना सगळे कुत्रेवाले म्हणत. मोहिमेतले कुत्रे त्यांचे, स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी, हाकणार तेच आणि शिधा ठरवणारही तेच. साठ दिवस, चार माणसं, चौदा कुत्रे. मोहिमेचे प्रमुख हे एक उंच, दाढीवाले, घाई कधीच नसलेले गृहस्थ. भिंगरी त्यांना प्रमुखकाका म्हणायची. प्रमुखकाकांना बर्फाच्या त्या मुलखाचं पार टोक गाठायचं होतं. बाबांना टोकाचं काहीच पडलं नव्हतं. टोकावरून परत फिरल्यावर अकरा दिवसांच्या वाटेवर, बर्फातून वर आलेला एक काळा खडक होता. त्या खडकाच्या पायथ्याशी घाईघाईत रचलेला दगडांचा ढिगारा होता आणि त्याखाली मामा होता. बाबांना तिथे जायचं होतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा भिंगरी सहा वर्षांची होती. एवढंच आठवायचं, की तो दारातून आत येताना मान वाकवायचा आणि तिला उचलून छताला हात लावू द्यायचा. मागच्या मोहिमेत तिघं गेले, दोघं आले. त्या दुसऱ्या माणसाने पुढे गाव सोडलं. कुत्र्यांपैकी आता एकटा मास्तर उरला होता, अकरा वर्षांचा, नाकावरून सगळ्यांकडे नापसंतीने बघणारा. बाकीची सगळी त्या चौदांची पिल्लं आणि नातवंडं. त्यांची नावं भिंगरीने ठेवली होती. खाण्यावर तुटून पडणारा भोपळ्या, मोजे पळवणारी चोरटी, पांढरा खडू, आणि रडूबाई. रडूबाईला भिंगरीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती शाळेला निघाली की रडूबाई असा गळा काढायची की शेजारचे लोक घड्याळ न बघता वेळ सांगायचे.

"नावं ठेवू नकोस गं त्यांना," बाबा पूर्वी म्हणायचे. "नुसते आकडे पुरेत."

"आकड्याला हाक मारली तर शेपूट कोण हलवेल?" भिंगरी विचारायची, आणि बाबा पुढच्या कुत्र्याकडे वळायचे.

त्या शनिवारी जेवणानंतर सगळे आपापल्या कामाला लागले. आईचं यंत्र खडखडत होतं. भिंगरी टेबलाशी बसली, कारण तिच्याकडे काम होतं. शिध्याचा तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायचा होता. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि रविवारी प्रमुखकाका तो घ्यायला येणार होते.

तक्ता साधा होता. डावीकडे दिवस, एक ते साठ. मग रकाने: माणसं किती, माणशी किती ग्रॅम, कुत्रे किती, विटा किती. ती सपासप उतरवत गेली. चाळिसाव्या दिवसापर्यंत कुत्रे चौदा. एक्केचाळिसाव्या दिवशी अकरा. मग साठपर्यंत अकराच.

भिंगरी थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे गणितात पहिली आल्यापासून जरा जास्तच येत होतं. बाबा चुकले! तीन कुत्रे विसरले! बिचारे बाबा, चाळीस ओळी लिहून डोळे शिणले असणार. तिने हिशेब मांडला. तीन कुत्रे, वीस दिवस, रोज सातशे ग्रॅम. बेचाळीस किलो कमी पडत होते. पण स्लेजवर एक किलोही वाढवता येत नव्हता, ते तर बाबांनी वर लाल शाईने लिहूनच ठेवलं होतं. मग हे बेचाळीस किलो आणायचे कुठून?

तिने पेन्सिलीचं टोक चावलं. चार माणसं, साठ दिवस. माणशी रोज एक किलो. त्यातून थोडं थोडं काढलं तर? माणशी रोज पावणेदोनशे ग्रॅम. फक्त पावणेदोनशे! म्हणजे दोन घास कमी. मोठ्या माणसांना काय कळणार आहे? आणि पाहा, बेचाळीस किलो बरोब्बर जमले, एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. तिने नवा तक्ता लिहिला. माणशी आठशे पंचवीस. कुत्रे चौदा, पहिल्या दिवसापासून साठाव्यापर्यंत, चौदा, चौदा, चौदा. इतका देखणा रकाना तिने आयुष्यात लिहिला नव्हता.

बाबांना तिने सांगितलं नाही. दुपारच्या प्रश्नाने ते दुखावले होते; त्यांना खूश करायचं होतं.

रविवारी प्रमुखकाका आले, बूट झटकून टेबलाशी बसले आणि तक्ता बघून म्हणाले, "वा! कुत्रेवाले, तुम्ही मार्ग काढलात की. चौदाही परत?"

"चौदाही?" बाबा म्हणाले.

"चूक माझ्या लक्षात आली," भिंगरी फुलून म्हणाली. "तुम्ही तीन विसरला होतात. मी माणसांचे पावणेदोनशे ग्रॅम कमी केले. प्रत्येकी, रोज. हिशेब चोख बसतो."

बाबांनी कागद हातात घेतला. त्यांचा चेहरा असा झाला, की भिंगरीला वाटलं त्यांना चक्कर येतेय. खिडकीशी यंत्र थांबलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" बाबांचा आवाज बसला होता.

"कुणी कशाला सांगायला हवं? डोकं आहे मला."

आई उठली. टेबलाशी आली, नवऱ्याच्या खांद्यावरून तो कागद तिने वाचला, आणि ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी नुसतंच वाहत राहिलं.

"हा तक्ता चुकीचा आहे," बाबा म्हणाले. "जुनाच खरा. अकरा."

प्रमुखकाकांनी दाढीवरून हात फिरवला. "मलाही तसंच वाटलं. त्या थंडीत माणशी किलो म्हणजेही कमीच. मग तेवढी तीन नावं द्या. शनिवारी मी सगळे कागद बांधून पाठवतोय."

"तिथे गेल्यावर बघू."

"नाही हो." प्रमुखकाका मऊ आवाजात म्हणाले. "पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. नावं इथेच लिहायची, ऊब असताना. तिथे थंडीत ना डोकं चालत, ना मन. मग माणसं एकमेकांशी भांडत बसतात आणि त्यात दिवस जातात. खडकापर्यंत चढ आहे, तिथवर चौदा लागतात. पुढे उतार; अकरा पुरे. एक्केचाळिसाव्या दिवशी तीन, आणि त्या तिघांवर उरलेल्यांचे चार दिवस निघतात. हे मला आवडतं असं नाही."

"तिघांवर म्हणजे?" भिंगरीने विचारलं, पण विचारता विचारताच तिला कळलं. तिची नजर नकाशाच्या कोपऱ्यावरच्या विटेवर गेली.

प्रमुखकाका गेल्यावर ती आवारात धावली. बाबा खडूच्या पंज्यातला बर्फ काढत उकिडवे बसले होते.

"तुम्ही त्यांना गोळी घालणार?"

"पाय नीट धर त्याचा."

"बाबा! घालणार?"

"तिथे बघू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिथे बघू, भिंगरी." त्यांनी मान वर केली नाही. रडूबाईने मात्र येऊन तिच्या बुटाची नाडी सोडली, जशी ती रोज सोडायची.

आई स्वयंपाकघरात होती. नळ बंद झाला होता. ती स्टुलावर बसली होती, हात ओले, मांडीवर तसेच ठेवलेले.

"बस," ती म्हणाली. "तू काल विचारलंस ना? मग आता ऐक. मी एकदाच सांगेन."

आणि तिने सांगितलं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, सरळ. नऊ वर्षांपूर्वीही तक्त्यात एक्केचाळिसावा दिवस होता. तेव्हाही तीन कुत्रे वजा होते. बाबांना ते लिहवलं नाही. याच टेबलाशी बसून, निघायच्या दोन दिवस आधी, त्यांनी तक्ता बदलला. माणशी दोनशे ग्रॅम कमी केले आणि कुत्रे चौदा ठेवले. शिधा त्यांच्या हातात होता, कुणी विचारलं नाही.

"तुझ्या बाबांना ते पुरलं. तो दुसरा बुटका होता, त्यालाही पुरलं. माझा भाऊ सहा फुटांच्या वर. ओढायचा दोघांचं, खायचा एकाचं, आणि तेही कापलेलं. तक्ता सगळ्यांना सारखा. महिन्याभरात तो चालता चालता अडखळायला लागला. परतीच्या वाटेवर दोन दिवस तुझ्या बाबांनी त्याला स्लेजवर घातला. काळ्या खडकापाशी पोचले तेव्हा तो बसला होता तसाच होता, पण नव्हता."

भिंगरीचं वक्तृत्व, टाळ्या, सगळं कुठल्या कुठे गेलं.

"वादळ?" ती म्हणाली.

"वादळ कागदावर झालं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी याने मला खरं सांगितलं. इथेच. दारात उभं राहून, आत न येता." आईने हात पदराला पुसावे तसे झग्याला पुसले. "भाऊ हवा की नवरा, असं मला कुणी विचारलं नव्हतं. नवरा आला होता. त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं. काय करणार होते?"

"तुला राग नाही आला?"

"आला की. चार वर्षं आला. मग तो कुत्र्यांवर काढावा म्हटलं, तर ती येऊन माझ्याच पायावर डोकं ठेवून झोपायची. त्यांना काय माहीत, कुणाचा घास खाल्ला ते?" तिने उठून नळ आणखी घट्ट केला. "मला एवढंच हवंय, की कुणीतरी तिथे जावं आणि ते दगड नीट रचावेत. नऊ वर्षं तो मला उघडाच दिसतो."

सोमवारी शाळेत लांबुडकीने ऐटीत खिडकीजवळची जागा रिकामी केली.

"काय मग, विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"वादळ."

"बघ, मी म्हटलं होतं," शहाणी म्हणाली, जरी तिने तसं म्हटलं नव्हतं. मग भिंगरीकडे बघून तिचा आवाज उतरला. "तुला बरं नाहीये का?"

"विटांचा वास चढलाय डोक्यात," भिंगरी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. महिनाभर हेवा करावा अशी जागा, पण बाहेर नुसती सायकलींची रांग होती, आणि ती तिने तासभर मोजली तरी तिला आकडा सांगता आला नसता.

त्या आठवड्यात ती बाबांकडे बघायला शिकली. इतकी वर्षं ती त्यांच्याशी बोलायची, त्यांच्याकडे बघत नव्हती. आता दिसलं, की बाबा ताटात वाढलेलं सगळं खात नाहीत. आधी अर्धा पाव बाजूला काढतात, मग निम्मे बटाटे, मग वाटीतलं सूपही निम्मं ठेवतात. शनिवारी तिला वाटलं होतं, की तिच्या प्रश्नामुळे ते ताटावरून उठले. पण सोमवारी तेच. मंगळवारी तेच. भूक नसलेला माणूस असं मोजून टाकत नाही. बुधवारी तिने सकाळचं आणि रात्रीचं त्यांचं उरलेलं ताट उचललं आणि गुपचूप वजनकाट्यावर ठेवलं. ताटाचं वजन वजा केलं. गुरुवारीही केलं. दोन्ही दिवस आकडा साधारण तोच आला, सातशे ग्रॅम, आणि तो आकडा बघून ती काट्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. तिघा कुत्र्यांचे ते बेचाळीस किलो साठ दिवसांत एकाच माणसाने द्यायचे, तर दिवसाला एवढंच द्यावं लागलं असतं. चार माणसांचं नव्हे. एकाचं.

"आई, बाबा कमी जेवतात," ती म्हणाली.

"दोन महिने झाले," आई यंत्रावरून न उठता म्हणाली. "विचारलं तर म्हणतो, वजन वाढलंय. अंगावर मूठभर मांस नाही, आणि म्हणे वजन वाढलंय. सवय करतोय तो."

"म्हणजे ते नावं लिहिणारच नाहीत."

"लिहील. प्रमुखांच्या समाधानासाठी कुठलीतरी तीन लिहून देईल. पण तिथे गेल्यावर बंदूक काढणार नाही, आणि तेही त्या खडकापाशी, माझ्या भावाच्या उशाशी. मी ओळखते ना त्याला. तो स्वतःच्या ताटातलं घालेल त्यांना, आणि कुणाला कळूही देणार नाही." सुई वर-खाली होत राहिली. "आणि मला दुसरा ढिगारा मिळेल."

"मग तू त्यांना अडवत का नाहीस?"

आता मात्र यंत्र थांबलं. "अडवलं तर माझा भाऊ तिथे तसाच राहतो," आई म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने अडवू? रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. रोज एक साज पुरा होतो."

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. टेबलावर बाबांचा जुना तक्ता होता, आणि त्याखाली वेगळा छोटा कागद. वर शीर्षक होतं, 'एक्केचाळिसावा दिवस', आणि खाली १, २, ३ असे आकडे घालून ठेवलेले. पुढे कोरं. बाबा टेबलाशी बसले होते, लेखणी हातात. किती वेळ बसले होते कोण जाणे. बाजूला चहावर साय धरली होती.

"मी लिहू?" भिंगरीने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. नको म्हणतील असं तिला वाटलं. त्यांनी लेखणी तिच्याकडे सरकवली, आणि त्या सरकवण्यातच तिला दिसलं की त्यांना किती सुटल्यासारखं झालंय. मोठ्या माणसाचं असं सुटणं बघणं वाईट असतं.

ती बसली. आपण हे करू शकतो, असं तिला खरंच वाटलं. गणितच आहे. ओढ कमी आणि खाणं जास्त, असे तीन शोधायचे. भावना बाजूला. नावं लिहिली की तो हुकूम होईल, बाबांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, ते तिथे नुसतं पाळतील, मामापाशी जाऊन दगड रचतील आणि घरी येतील. तिने पहिल्या आकड्यापुढे लिहिलं: भोपळ्या. अक्षर चांगलं आलं. भोपळ्या दीड कुत्र्याचं खातो, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरं. चोरटीचा मागचा उजवा पाय थंडीत आखडतो. तिने 'चो' लिहिलं.

मग बाहेर कुणीतरी बादली आपटली, आणि जेवणाची वेळ झाली असं समजून आवारात सगळे एकदम ओरडू लागले. तिला त्या गदारोळातही चोरटीचा आवाज वेगळा काढता आला. चोरटीचा, भोपळ्याचा, खडूचा. आणि सगळ्यांच्या वर, कारण नसताना, रडूबाईचा. रडूबाई सगळ्यांत लहान होती. सगळ्यांत कमी ओढायची. तिसरं नाव कुठलं, ते पहिल्यापासून ठरलेलंच होतं, फक्त भिंगरी त्याच्याकडे बघत नव्हती.

हात पुढे सरकेना. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरून बघितलं. अक्षराचा पुढचा फराटा तेवढा उमटला. खोलीत ऊब होती. अंगात स्वेटर होता, पोटात न्याहारी होती, आणि समोर बंदूक नव्हती, नुसता कागद होता. तरी जमत नव्हतं. समोर बाबा बसले होते, डोळे मिटून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे. शिडशिडीत झालेलं मनगट, सैल झालेलं घड्याळ. या माणसाला तिथे, एक्केचाळीस दिवसांच्या उपाशीपोटी, त्या खडकासमोर उभं राहून हे करायचं होतं.

आणि तिला कळलं की आपण पूर्ण यादी लिहिली असती, तरी काही फरक पडला नसता. यादी खिशात घेऊनही बाबा तेच करणार होते. उलट त्यात तिचं अक्षर बघून तर नक्कीच.

भिंगरीने लेखणी खाली ठेवली.

"आई, इकडे ये जरा," ती म्हणाली.

आई उठून आली. हातात चौदावा साज होता, त्याला अजून एक बक्कल लावायचं होतं. बाबांनी डोळे उघडले, कागदावरचं दीड नाव बघितलं आणि हळूच म्हणाले, "राहू दे गं. मी करतो ते."

"तुम्ही नाही करणार, बाबा. मलाही इथे बसून जमलं नाही, मग तुम्हाला तिथे कसं जमेल?" तिचा आवाज कापत होता. वक्तृत्वाच्या स्पर्धेत कापला नव्हता, आज कापत होता, आणि ती तसंच बोलत राहिली. "तुम्ही रोज किती टाकता ते मी वजन करून बघितलंय. मला माहीत आहे कुणासाठी टाकता."

बाबा काहीतरी बोलणार होते. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो दाबला.

भिंगरीने खुर्चीवरचा कोट उचलला, एक बाही चढवली, दुसरी सापडेना, तशीच उभी राहिली.

"मी प्रमुखकाकांकडे चाललेय. कागद बांधायच्या आत पोचायला हवं. त्यांना सगळं सांगणार आहे, वादळ झालं नव्हतं तेही. मागचा तक्ता कुणी बदलला आणि या वेळी कोण काय करणार आहे, तेही. मग ते तुम्हाला नेणार नाहीत, बाबा. आपले कुत्रेही नेणार नाहीत. आणि मामा तिथे तसाच राहील, आई, मला कळतंय. माझ्यावर रागवा. दोघंही रागवा, हवी तेवढी वर्षं रागवा. पण मी चाललेय."